दाव्याचं पाप

त्या दिवशी मी पोथी लवकर आटपली असती तर लटारूचा बैल वाचला असता. आज हे वाक्य मी सरळ लिहून टाकतो आहे, पण ते तोंडातून बाहेर पडायला मला किती दिवस लागले ते माझं मला ठाऊक.

मी सोमाजी. सिंदेवाहीपासून चार कोसांवर, उमा नदीच्या काठी आमचं पिपळबोडी. तीन एकर धानाच्या बांध्या, एक बैलजोडी आणि बापाकडून आलेली लाल फडक्यातली पोथी, एवढी माझी इस्टेट. शिक्षण चौथीपर्यंत, पण आवाज चांगला. आवाज चांगला असला की लोकांना अर्थही चांगला वाटतो. म्हणून तिशीतच गाव मला बुवा म्हणायला लागलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कोणाच्या विहिरीला पाणी लागलं नाही, कोणाची सून माहेरी निघून गेली, कोणाचं पोर दगावलं, की माणसं माझ्या ओट्यावर येऊन बसायची. "बुवा, असं काऊन झालं?" मी डोळे अर्धे मिटायचो आणि म्हणायचो, "कर्म. करावं तसं भरावं." माणसं मान हलवत घरी जायची. त्यांचं दुखणं होतं तिथंच राहायचं, फक्त त्याला नाव मिळायचं. लटारूला आणि त्याच्या बायकोला, वच्छलाला, मूलबाळ नव्हतं. तेही मागच्या जन्मीचं आहे, असं मीच त्या दोघांना सांगितलं होतं. ऐकून वच्छलानं पदर डोळ्याला लावला होता आणि मला शेरभर तूर दिली होती. ती मी घेतली.

ही गोष्ट पंचावन्न सालची. चैत्र लागला होता आणि मोह गळत होता. आमच्याकडे मोहाची झाडं वाटलेली असतात. माझ्या झाडाखालचं फूल दुसरा कोणी उचलणार नाही. माझी तीन झाडं गावाच्या उत्तरेला, जंगलाच्या तोंडाशी. मोहफूल पहाटे पडतं, आणि खाली वाळक्या पानांचा खच असला की त्यात हरवून जातं. म्हणून आधी पानं जाळायची. जंगलखात्याचा कायदा नको म्हणतो, तरी सगळे जाळतात. फक्त एक रीत पाळायची. झाडाभोवती आधी फांदीनं झाडून दोन हात रुंदीचा गोल मोकळा करायचा, नुसत्या मातीचा. आग त्या गोलाबाहेर जात नाही. आणि ती विझेपर्यंत तिथंच बसून राहायचं. बस एवढंच. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही.

रामनवमीच्या सकाळी रुखमाबाई, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आज राहू द्या ना. तुमाले देवळात जाचं हाये. उद्या जाळू."

मी ऐकलं नाही. दोन झाडांखालचं नीट केलं. तिसऱ्याजवळ गेलो तोवर ऊन चढलं होतं. बाराला रामजन्म, त्याच्याआधी पोथी, आणि पोथी वाचणारा मीच. अंघोळ राहिली होती. तिसऱ्या झाडाभोवती मी गोल झाडलाच नाही. काडी लावली, पानं धरलेली पाहिली, वारा नव्हता, आणि गावाकडे चालू लागलो. मागे वळूनही पाहिलं नाही. वाटेत मनातल्या मनात अध्यायाची सुरुवात घोळवत होतो.

देवळात सारं गाव जमलं होतं. लटारू आणि वच्छला अगदी पुढे बसले होते. लटारू माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, बोलायला कमी, ऐकायला पक्का. मी वाचू लागलो की तो डोळ्यांची पापणी हलवत नसे. अध्याय कर्माचाच होता. बाण सुटला की धनुष्य धरणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, असं काहीतरी मी सांगत होतो आणि फारच रंगलो होतो. रामजन्म झाला, पाळणा झाला. सुंठवडा घेऊन माणसं उठायला लागली तर मी म्हणालो, "बसा, बसा, थोडंच राह्यलं." अर्धा तास आणखी बसवलं. मधे धुराचा वास आला. पहिला मलाच आला, कारण मी उंच बसलो होतो. पण चैत्रात धूर कुठून ना कुठून येतोच. मी पान उलटलं.

मग देवळासमोरून लटारूचा मोऱ्या बैल धावत गेला. गळ्यात तुटलेलं दावं, पाठ भाजलेली. त्याच्या ओरडण्यानं पोथी थांबली.

लटारूचं घर गावाच्या उत्तर टोकाचं, शेवटचं. दुपारी वारा सुटला होता आणि आग पानापानानं सरकत त्याच्या गोठ्यापर्यंत आली होती. घर वाचलं, गोठा गेला. वर तणस, म्हणजे धानाचं वाळलं गवत भरलेलं, ते वरूनच कोसळलं. मोऱ्याचं दावं जुनं होतं, त्यानं हिसडून तोडलं. चांद्याचं तुटलं नाही. चांद्या खोडीचा बैल, दावं सोडवून लोकांच्या वांग्यात शिरायचा. म्हणून दोनच दिवसांपूर्वी लटारूनं अंबाडीचं नवं दावं वळलं होतं आणि खुंटीला दुहेरी गाठ मारली होती. चांद्या त्या गाठीशी मेला. लटारू राखेत उभा राहून ती गाठ सोडवत होता. बैल मेला होता तरी सोडवत होता. हात भाजत होते, कोणी ओढलं तर येत नव्हता.

मी मागे उभा होतो. उत्तरेकडे पाहिलं तर काळा पट्टा माझ्या तिसऱ्या झाडापर्यंत सरळ गेलेला दिसत होता. मला वाटलं, आता सगळे तिकडे वळून बघतील. कोणीच बघितलं नाही. त्या बाजूला आणखी सात जणांची झाडं होती आणि सकाळी सगळ्यांनीच जाळलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. जो तो माझ्याकडेच पाहतो आहे असं मला वाटायचं, आणि पाहत कोणीच नव्हतं.

घरी आल्यावर रुखमाबाईनं विचारलं, "तिसऱ्या झाडाले गोल झाडला होता का?"

"झाडला होता," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोह वेचायला गेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली. मला ताट वाढलं, ते जरा जोरातच ठेवलं, आणि म्हणाली, "मी पाहून आली." मी तिला गप्प राहायची शपथ घातली नाही, तरी तिनं बाहेर कोणाला काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून घरात दोन माणसं आणि एक गोष्ट राहू लागली.

आता बाहेरच्या माणसाला एक सांगायला हवं. आमच्याकडे बैल वाघानं मारला तर मालकाला पाप नाही. म्हातारा होऊन रानात पडला तरी पाप नाही. पण गळ्यात दावं असताना, खुंटीला बांधलेला मेला, तर ती गोहत्या. बांधली कोणी? मालकानं. मग पाप त्याचं. त्याच्या घरचं पाणी बंद होतं, चुलीचा विस्तव कोणी देत नाही. प्रायश्चित्त केल्याशिवाय तो जातीत नाही.

तिसऱ्या दिवशी पिंपळाखाली पंच बसले. पंचांत सगळ्यांत म्हातारा वारलू पाटील. डोळे गेलेले, कान तिखट. लटारू समोर उकिडवा बसला होता, हातांना एरंडाची पानं बांधलेली. जंगलाचा नाकेदारही येऊन गेला होता. आग कोणी लावली म्हणून दटावून गेला, आणि दर वर्षीप्रमाणे गावातल्या कोणीच लावली नव्हती.

वारलू पाटलानं माझ्याकडे तोंड केलं. "बुवा, एक सांगा. दावं लटारूचं, ते खरं. पण आग कोनाची हाये, ते काई समजलं नाई. तर पोथीत काय हाये? पाप आग लावनाऱ्याले, का दावं बांधनाऱ्याले?"

एवढं सरळ मला कोणीच कधी विचारलं नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, लटारूही. पुस्तकी उत्तर मला येत नव्हतं असं नाही. खरं उत्तर तर माझ्या अंगावरच होतं. धोतराला अजून धुराचा वास येत होता. नाकेदाराचा विचार आला. तुरुंगाचा आला. सगळ्यांत मोठा विचार आला तो हा, की उद्यापासून माझ्या ओट्यावर कोणी बसणार नाही.

मी घसा साफ केला. म्हणालो, "आग म्हणजे निमित्त, पाटील. ती कोणाच्या ना कोणाच्या हातानं लागणारच होती. भोग ज्याचा त्याचा असते. बैलाचा भोग लटारूच्या दाव्याशी होता."

पहिलं पाप वाऱ्याच्या माथी मारता आलं असतं. हे दुसरं मी माझ्या शहाण्या जिभेनं केलं, भर पंचांत, चांगल्या आवाजात. लोकांनी मान हलवली. लटारूनंही हलवली. तो म्हणाला, "बुवा बरोबर सांगते. म्या त्याले काऊन बांधलं? नवं दावं काऊन वळलं? कोनत्या जन्माचं निंगालं बाप्पा हे?"

ठरलं ते असं. चाळीस दिवस लटारूनं गावाबाहेर राहायचं. चांद्याचं दावं स्वतःच्या गळ्यात, शेपटीचा गोंडा काठीला. माणसाची वाचा बंद. दारोदार जाऊन गाईसारखं हंबरायचं, जे पडेल ते एकदाच खायचं, छपराखाली निजायचं नाही. कोणाशी शब्द बोलला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. चाळिसाव्या दिवशी उमेच्या डोहात अंघोळ, दावं पाण्यात सोडायचं, मग जातीला जेवण.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो निघाला. वच्छला वेशीपर्यंत गेली. तो वळून काहीतरी सांगणार होता, ओठ हललेही, मग आठवण झाली असावी. त्यानं नुसतं मोऱ्याकडे बोट केलं आणि चालू लागला. त्याच्या गळ्यातली गाठ मला ओट्यावरून दिसत होती.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. मला एका जागी बसवत नसे. शेतात जायचो आणि कशाला आलो ते विसरायचो. जेवायला बसलो की उठून बाहेर बघायचो. कुठे बैल हंबरला की हातातलं काम गळायचं. आमच्या गावात दोनशे जनावरं. दिवसातून किती वेळा काम गळालं असेल, हिशेब करा. मग मी उपाय काढला. भल्या माणसाचा उपाय. वच्छलाकडे तांदूळ पाठवले. जळलेल्या गोठ्याच्या जागी चार बल्ल्या रोवून दिल्या. मोऱ्या जोडीदार गेल्यापासून पाणी पीत नव्हता, नुसता हौदात तोंड घालून उभा राहायचा. मी त्याच्यापुढे जाऊन कोंडा कालवून ठेवायचो.

एकदा तसाच कोंडा ठेवत होतो तर वच्छला आली आणि माझ्या पायावर डोकं ठेवून रडायला लागली. "बुवा, सारं गाव आमच्या दाराले पाठ दावून राह्यलं. तुमी तेवढे येता. तुमच्यासारकं मन देवानं साऱ्याईले द्यावं."

मी पाय ओढून घेतले. तिला वाटलं, हा माझा नम्रपणा. मला त्या क्षणी तिचा राग आला. खरंच आला. इतकं कसं कळत नाही माणसाला? सगळ्या गावाचाच राग आला, की यांनी मला एकदाही विचारू नये! मग लक्षात आलं की यांना न विचारायला शिकवलं कोणी? दहा वर्षं मीच तर ओट्यावर बसून शिकवत होतो. जे झालं ते कर्म, मग कोणी केलं हे विचारायचं कारणच काय? लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

चोविसाव्या दिवशी बाजारगाडी घेऊन गफ्फारभाई आले. हे नागभीडचे व्यापारी. मीठ, घासलेट, बांगड्या घेऊन गावोगाव फिरायचे आणि आमचा मोह, चारोळी घेऊन जायचे. मोह तोलता तोलता म्हणाले, "बुवा, तुमचा तो लटारू दिसला ना मले नागभीडले. टेसनाच्या मागं. पोट्टे दगड मारून राह्यले होते. बुखार होता त्याले, आंग तपत होतं. म्या डाक्टरकडे चाल म्हनलं तर नुसता हंबरते. हमारे समझ में नहीं आता, बुवा. बैल तर आगीनं मेला, मंग याले कायची सजा?"

डोळे न मिटता ही गोष्ट पाहणारा एवढा एकच माणूस भेटला होता, आणि त्यालाही मी म्हणालो, "तुमाले नाई समजाचं, गफ्फारभाई. आमच्यात असंच असते."

पण त्या रात्री निजलो नाही. उजाडायच्या आधीच सिंदेवाहीची वाट धरली आणि छोट्या लाइनच्या गाडीनं नागभीडला उतरलो.

तो बाजाराच्या कडेला एका कडुलिंबाखाली बसला होता. आधी मी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, कपाळावर खोक, दाव्यानं मानेवर लाल वळ उठलेला. माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे एकदम उजळले. गावचं माणूस भेटलं म्हणून! मी त्याच्यासमोर मातीत बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तिसरं झाड सांगितलं, न झाडलेला गोल सांगितला, देवळात आलेला धुराचा वास सांगितला, पंचांपुढे बोललेलं खोटं सांगितलं. एका दमात. शेवटी म्हणालो, "लटारू, चाल गावाले. मी पंचाईले सांगतो. हे दावं काढ."

तो माझ्याकडे बघत होता. पोथी ऐकताना बघायचा तसाच, पापणी न हलवता. मग त्याचं तोंड उघडलं. आता शिवी येणार, असं वाटून मी डोळे मिटले. मला ती शिवी हवी होती, तहानेल्याला पाणी हवं असतं तशी.

तो हंबरला.

लांब, घशातून, दारोदार हंबरायचा तसा. समोरच्या घरातून एक बाई मूठभर तांदूळ घेऊन आली, त्याच्या फडक्यात टाकले, माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं आणि निघून गेली. लटारू काठीचा आधार घेऊन उठला, फडकं बांधलं आणि पुढच्या दाराकडे गेला. मी त्याच्यामागे दोन घरं गेलो. त्यानं हातानं मला मागे हटवलं. रागानं नव्हे. व्रतात आड येऊ नये म्हणून.

परतीच्या गाडीत मला कळलं मी काय केलं होतं ते. ज्याला बोलता येत नाही अशाच माणसाला मी सांगितलं होतं. त्याची वाचा मीच बांधली, आणि वाचा बांधली आहे याची खात्री असताना त्याच्याजवळ मन मोकळं केलं. याहून नीच माणूस मी तरी पाहिलेला नाही.

बरं, मग गावात येऊन तरी सांगावं? नाही. रोज उद्यावर ढकललं. आता लटारूला माहीत आहे, तोच येऊन सांगेल, ते बरं. त्याचं तोंड उघडलं की माझं झाकायची गरजच उरणार नाही. अशी वाट पाहत मी पंधरा दिवस काढले, रोज एक दिवस मोजत. रुखमाबाई एकदाच बोलली. "त्यानं सांगतलं तर ते त्याचं होईल. तुमचं नाई होनार." बाई शाळेत एक दिवस गेलेली नाही.

चाळिसाव्या दिवशी सारं गाव उमेच्या डोहावर. वैशाखाचं ऊन, नदी आटलेली, डोहातच तेवढं कमरेइतकं पाणी. काठावर तीन दगडांवर भात शिजत होता. लटारू पलीकडच्या काठावरून आला. तो इतका वाळला होता की वच्छलानं तोंडात पदर कोंबला. त्याच्याबरोबर ताप चालत आला होता, हे लांबूनही दिसत होतं. पाण्यात उतरला, तीनदा बुडी मारली, गळ्यातलं दावं काढून डोहात सोडलं. ते लगेच बुडालं नाही, तरंगत राहिलं. तो काठावर येऊन उभा राहिला आणि वारलू पाटलानं हात वर केला.

"लटारू, तू आमच्यात आला. आता वाचा मोकळी हाये तुयी. बोल गा."

चाळीस दिवसांनी हा माणूस पहिला शब्द बोलणार होता. आणि तो माझ्याकडे बघत होता. रुखमाबाईही माझ्याकडे बघत होती. मला अचानक त्याच्या पहिल्या शब्दाची भीती वाटली. तो माझं नाव असेल म्हणून नव्हे. नसेल म्हणून.

"थांबा," मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका चिरका. "आग मी लावली होती. गोल न झाडता गेलो. पंचांपुढे खोटं बोललो. निमित्त वगैरे सगळं माझ्या पदरचं."

भात ढवळणारे हात थांबले. मग एकच गलका झाला. कोणी म्हणालं मारा, कोणी म्हणालं नाकेदाराला बोलवा. कोणी मारलं नाही, कारण त्यांना अजूनही मी बुवाच दिसत होतो. दहा वर्षांची सवय एका वाक्यानं जात नाही. वच्छला मात्र पुढे आली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. "मी तुमच्या पायावर डोकं ठेवलं, अन् तुमी ठेवू देल्लं?" एवढंच म्हणाली.

वारलू पाटलानं काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं. आंधळे डोळे लटारूच्या बाजूला वळवले. "मंग याचे चाळीस दिवस फुकट गेले म्हना की! पाप दुसऱ्याचं, दावं याच्या गळ्यात."

तेव्हा लटारू बोलला. घसा बसला होता, शब्द एकेक करून येत होते.

"फुकट काऊन जाईन, पाटील? दावं म्याच बांधलं होतं. दुहेरी गाठ म्याच मारली. चांद्यानं हिसडे देल्ले असतीन तवा माया गाठीले देल्ले ना, आगीले नाई. ते मायं होतं. ते म्या फेडून आलो."

मी त्याच्या पुढ्यात गेलो. "आणि माझं, लटारू? माझं काय? मला काहीतरी सांग. मार. थुंक माझ्यावर."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत मी राग शोधला, मग दया शोधली. खरंच सांगतो, दोन्हींतलं काहीही चाललं असतं. मग त्यानं मान वळवली आणि बायकोला विचारलं, "मोऱ्या पानी पेते का वो आता?"

"पेते," वच्छला म्हणाली. "सांजच्याले एक डाव पेते."

"चाल मंग घरी. पाहू दे मले त्याले."

आणि जातीचं जेवण तसंच टाकून ती दोघं निघाली. तो तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. गाव बाजूला होऊन त्यांना वाट देत होतं.

मी पंचांकडे वळलो. म्हणालो, मलाही काही द्या. चाळीस दिवस द्या, वर्ष द्या, गावाबाहेर काढा. पंचांनी एकमेकांकडे बघितलं. दाव्याला बांधलेला बैल मेला तर प्रायश्चित्ताचा नेम आहे. साप मारला तरी आहे, मांजर मारली तरी आहे. दुसऱ्याच्या गळ्यात आपलं पाप बांधणाऱ्याला काय नेम, हे त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी वारलू पाटील म्हणाला, "आमाले काय इचारता, बुवा? पोथी तर तुमच्याजवळ हाये." त्यानं टोमणा मारला नव्हता. म्हातारा मनापासून म्हणाला होता, आणि म्हणूनच तो शब्द अजून जात नाही.

नाकेदाराकडे मी स्वतः गेलो. तो म्हणाला, जुनी गोष्ट झाली, कागद बंद झाला, घरी जा. माझा एक बैल मी लटारूच्या दारात नेऊन बांधला. त्यानं नाही म्हटलं नाही, घेतलाही. नांगराला तो लागतो म्हणून घेतला. आभार मानले नाहीत, मला नावंही ठेवली नाहीत.

याला तीन वर्षं झाली. दरम्यान आमचा जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला, गावात शाळा आली, माझ्या ओट्यावर कोणी येईनासं झालं. पोथी मी अजून उघडतो, पण मोठ्यानं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोट ठेवत बघतो, कुठं एका ओळीत तरी मला काही सांगितलं आहे का. लटारूची तब्येत सुधारली. त्याचं आणि माझं शेत लागून. रोज सकाळी मधल्या धुऱ्यावर, बांधावर भेट होते. तो रोज म्हणतो, "राम राम, बुवा." पूर्वी म्हणायचा तसंच, त्याच आवाजात. मी त्यात काही तरी ऐकू यावं म्हणून कान देतो. काहीच नसतं. तो बैलांना हाक मारतो आणि पुढे जातो, आणि मी दिवसभर शेतात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहतो.